ट्रंप अचानक उगवलेले नाहीत: अमेरिकेतल्या 'जनता विरुद्ध बडे लोक' राजकारणाची दोनशे वर्षं

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रंप यांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी लावली आणि पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतच्या फॅमिली ग्रुप्सवर एकच चर्चा सुरू झाली, की एवढा पुढारलेला देश, एवढी नावाजलेली विद्यापीठं, आणि ही माणसं अशा नेत्याला एकदा नाही दोनदा निवडून देतात कशी? कोणी म्हणतं फेसबुकने वाटोळं केलं, कोणी म्हणतं अमेरिकन लोक आता पूर्वीचे राहिले नाहीत. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, पण त्याचं उत्तर २०१६ मध्ये शोधून सापडत नाही. त्यासाठी १८९२ पर्यंत जावं लागतं, १८२८ पर्यंत जावं लागतं आणि खरं सांगायचं तर जिथे त्यांची राज्यघटना लिहिली गेली त्या १७८७ च्या फिलाडेल्फियापर्यंत जावं लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या सगळ्या काळात सामान्य अमेरिकन माणसाची तक्रार बहुतेक वेळा खरी होती, निदान तिचा मोठा भाग तरी खरा होता. ती तक्रार घेऊन आलेल्या पुढाऱ्याने लोकांचा राग कुठे वळवला, नियमांकडे की शेजाऱ्याकडे, यावर पुढचं बरंचसं ठरत गेलं.

## आधी दोन शब्द

पॉप्युलिझम म्हणजे असं राजकारण ज्यात समाजाचे दोनच भाग धरले जातात, एका बाजूला कष्ट करणारी साधी जनता आणि दुसऱ्या बाजूला वर बसून मलई खाणारे मूठभर लोक. डेमागॉग म्हणजे असा पुढारी जो लोकांची भीती, राग आणि पूर्वग्रह भडकवून सत्ता मिळवतो, खोटं बोलायला कचरत नाही आणि आपल्याला आडवे येणारे कायदे, कोर्ट, वर्तमानपत्रं यांनाच जनतेचे शत्रू ठरवतो. हे दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण असतीलच असं नाही.

आपल्या हाऊसिंग सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यासमोर आणा. मेंटेनन्स दरवर्षी वाढतोय, लिफ्ट मात्र बंद, आणि कमिटी हिशेब दाखवत नाही. एक सभासद उठून म्हणतो, की कमिटी आपल्याला लुटतेय, हिशेब भिंतीवर लावा, ऑडिट करा, पुढच्या वर्षी निवडणूक घ्या. हा पॉप्युलिस्ट झाला. दुसरा उठून म्हणतो, की कमिटी चोर आहेच पण खरा घोटाळा तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंमुळे झालाय, त्यांना हाकला आणि सगळे अधिकार मला द्या, ऑडिटची गरज नाही, मी आहे ना. हा डेमागॉग. दोघांच्याही बोलण्यातला पहिला अर्धा भाग सारखाच आहे आणि टाळ्याही त्याच अर्ध्या भागाला पडतात, त्यामुळे सभेत बसलेल्या माणसाला फरक पटकन कळत नाही.

## घटना लिहिणाऱ्यांनाच याची धास्ती होती

१७८६ साली पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी हत्यारं घेऊन कोर्टांवर चालून गेले. त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला कॅप्टन होता, आणि त्याच्या मागे असलेल्यांपैकी बरेच जण त्याच्यासारखेच माजी सैनिक. देशासाठी लढून घरी आले तर राज्य सरकारने जबरदस्त कर लावलेले, कर रोख रकमेत मागितले जात होते आणि रोख कोणाकडे नव्हती, मग जमिनी जप्त होऊ लागल्या. बंड मोडून काढलं, पण पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाला घटना लिहायला जमलेल्या जमीनदार, वकील, व्यापारी मंडळींच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं होतं. मॅसॅच्युसेट्सचेच एल्ब्रिज गेरी तिथे उघड म्हणाले, की आपले हाल लोकशाही जास्त झाल्यामुळे होतायत आणि देशभक्तीचं सोंग घेणारे लोक जनतेला फसवतात. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी घटनेच्या बाजूने लिहिलेल्या पहिल्याच लेखात बजावलं, की प्रजासत्ताकं बुडवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सुरुवात लोकांची हांजी हांजी करून केली आणि शेवटी ते हुकूमशहा झाले.

म्हणून त्यांनी चाळण्या बसवल्या. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा नाही, राज्याराज्यांनी नेमलेल्या प्रतिनिधींच्या मंडळाने निवडायचा. सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, लोकांनी निवडायचे नाहीत, राज्यांच्या विधिमंडळांनी निवडायचे. न्यायाधीश तहहयात. या व्यवस्थेने खूप काही वाचवलं हे मान्य केलंच पाहिजे, पण त्याचबरोबर सामान्य माणसाला एक कायमचं वाक्य हातात मिळालं, की वरच्या लोकांनी आपल्याला मुद्दाम बाहेर ठेवलंय. आणि ते वाक्य खोटं नव्हतं. डेमागॉगला अडवायला बांधलेली भिंतच पुढे त्याच्या भाषणाचा मुद्दा होत गेली.

## जॅक्सन: पहिला 'आपला माणूस'

१८२४ च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना सगळ्यात जास्त मतं मिळाली आणि प्रतिनिधी मंडळातही सगळ्यात जास्त, ९९, पण चार उमेदवार असल्यामुळे बहुमत कोणालाच नव्हतं. निर्णय काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, खालच्या सभागृहाकडे गेला आणि तिथे सभापती हेन्री क्ले यांच्या पाठिंब्याने जॉन क्विन्सी ॲडम्स निवडून आले. ॲडम्स हे दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. पुढे त्यांनी क्ले यांनाच परराष्ट्रमंत्री केलं आणि जॅक्सनच्या माणसांनी पुढची चार वर्षं एकच पाढा लावला, की सौदा झाला, जनतेचं राज्य चोरलं. तोपर्यंत बहुतेक राज्यांनी गोऱ्या पुरुषांसाठी मतदानाची मालमत्तेची अट काढून टाकली होती, त्यामुळे हे ऐकणारे नवे मतदार भरपूर होते. १८२८ ला जॅक्सन आरामात जिंकले आणि मार्च १८२९ मध्ये शपथविधीच्या दिवशी लोक व्हाइट हाऊसमध्ये एवढे घुसले, की चिखलाच्या बुटांनी रेशमी खुर्च्यांवर चढून त्यांना बघत होते.

जॅक्सनमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. त्यांनी सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सशी युद्ध मांडलं. ही बँक सरकारचा पैसा सांभाळायची पण बहुतांश खाजगी भागधारकांची होती आणि कोणाच्या कर्जाचा गळा आवळायचा, कोणाचा सैल करायचा हे तिच्या हातात होतं. १८३२ मध्ये तिची मुदत वाढवायला नकार देताना जॅक्सन यांनी लिहिलं, की श्रीमंत आणि बलवान लोक सरकारला आपल्या स्वार्थासाठी वाकवतात. आजही हे वाचताना मान डोलते. पण याच माणसाने १८३० मध्ये इंडियन रिमूव्हल ॲक्टवर सही केली, मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे ढकलण्याचा कायदा, आणि १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना बंदुकीच्या धाकाने चालवत नेलं तेव्हा सुमारे चार हजार माणसं मेली असं मानतात. त्यांच्या जमिनी कापूस पिकवणाऱ्या गोऱ्यांना मिळाल्या. जॅक्सन स्वतः शंभरावर गुलामांचे मालक होते. म्हणजे 'जनता' या शब्दात कोण येतं आणि कोण नाही, हे पहिल्याच फेरीत ठरून गेलं.

## वरच्याला हात लागेना, मग खालच्याला धरा

हा प्रकार पुढे पुन्हा पुन्हा दिसतो. १८४० च्या दशकात दुष्काळातून पळालेले आयरिश कॅथलिक लाखांनी आले, जर्मनही आले, आणि १८५० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध 'नो-नथिंग' नावाची चळवळ उभी राहिली. सुरुवातीला ती गुप्त संघटना होती आणि कोणी विचारलं तर सदस्यांनी 'मला काही माहीत नाही' असं सांगायचं, त्यावरून हे नाव. पोप अमेरिका ताब्यात घेणार अशी भीती घालून त्यांनी मॅसॅच्युसेट्सचं जवळजवळ अख्खं विधिमंडळ जिंकलं आणि १८५६ ला त्यांच्या उमेदवाराने, माजी राष्ट्राध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांनी, वीस टक्क्यांच्या वर मतं घेतली. गुलामगिरीच्या प्रश्नावर पक्ष फुटला म्हणून संपला.

पण मला त्यापेक्षा १८७७ चं सॅन फ्रान्सिस्को जास्त बोलकं वाटतं. मंदी, बेकारी, आणि सगळं कॅलिफोर्निया मूठभर रेल्वे मालकांच्या खिशात. सिटी हॉलसमोरच्या वाळूच्या मैदानावर डेनिस कर्नी नावाचा एक मालवाहू गाडीवाला भाषणं द्यायचा, तो स्वतः आयर्लंडहून आलेला. भाषणात आधी रेल्वेवाल्यांना शिव्या आणि शेवटी दरवेळी एकच घोषणा, चिनी लोक गेलेच पाहिजेत. कारण चिनी मजूर कमी पगारात काम करायचे, आणि त्यांना आणून तो पगार ठरवणारे तर रेल्वेवालेच होते. याचं फलित काय झालं ते बघा. रेल्वेवर लक्ष ठेवायला १८७९ मध्ये राज्याने एक आयोग नेमला, तो बराच काळ रेल्वेच्याच मुठीत राहिला. चिन्यांविरुद्ध मात्र १८८२ मध्ये देशव्यापी कायदा झाला, चायनीज एक्स्क्लूजन ॲक्ट, आणि तो १९४३ पर्यंत टिकला.

यात आपलंही एक पान आहे. चिन्यांनंतर जपानी, मग 'हिंदू' म्हणजे कुठलाही भारतीय. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावाने लाकूड गिरण्यांमधल्या भारतीय कामगारांना, जे मुख्यतः शीख होते, घरांतून ओढून गावाबाहेर हाकललं. १९१७ ला कायद्यानेच भारतातून येणारी वाट बंद केली. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला आणि आधी मिळालेली नागरिकत्वंसुद्धा सरकार काढून घेऊ लागलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, कॅलिफोर्नियात वकिली करणारे. सरकार त्यांच्याही मागे लागलं. ते स्वतःची केस लढले आणि १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले, त्यांचं नागरिकत्व राहिलं. एच-वन-बीची बातमी वाचताना मला हे नाव आठवतं, आणि आपल्या लोकांना ते माहीतच नाही याचं वाईट वाटतं.

## कापूस, सावकार आणि पीपल्स पार्टी

आता ज्यांनी स्वतःला अभिमानाने पॉप्युलिस्ट म्हणवून घेतलं त्यांच्याकडे येऊ. हे शेतकरी होते.

यादवी युद्ध १८६५ ला संपल्यावर दक्षिणेत रोकड उरलीच नव्हती. शेतकरी, गोरा असो की नुकताच गुलामगिरीतून सुटलेला काळा, गावच्या दुकानदाराकडे जायचा. दुकानदार बियाणं, खत, पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कापड सगळं उधारीवर द्यायचा आणि तारण म्हणून अजून उगवलंही नाही ते पीक लिहून घ्यायचा. दुकानात प्रत्येक वस्तूचे दोन भाव असायचे, रोखीचा आणि उधारीचा, आणि उधारीचा भाव कधीकधी दीडपट. वही दुकानदाराच्या हातात, शेतकऱ्याला बऱ्याचदा वाचताही यायचं नाही. आणि पेरायचं काय तर कापूसच, कारण दुकानदाराला तोच विकता येतो. हंगाम संपल्यावर कापूस तोलायचा, वहीशी ताडून बघायचा, आणि बाकी निघाली की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दुकानात, दुसरीकडे जायची सोय नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. तेच युद्ध चालू असताना अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हणून मुंबई इलाख्यातल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले होते, युद्ध संपलं आणि भाव आपटले, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. एकाच जागतिक बाजाराचे चटके दोन टोकांच्या शेतकऱ्यांना बसत होते.

अमेरिकेत त्यात भर पडली सोन्याची. १८७३ च्या कायद्याने चांदीची डॉलर नाणी पाडणं थांबलं आणि पुढे चलन सोन्याला बांधलं गेलं. देशात उत्पादन वाढत होतं, माणसं वाढत होती, पण पैसा त्या प्रमाणात वाढत नव्हता. असं झालं की प्रत्येक डॉलर महाग होतो आणि वस्तूंचे भाव पडतात. ज्याने कर्ज दिलंय त्याला हे बरंच आहे, पण ज्याने घेतलंय तो मरतो, कारण कर्जाचा आकडा तोच राहतो आणि तो फेडायला दुप्पट कापूस विकावा लागतो. युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कापूस पौंडाला दहा सेंटांच्या बराच वर होता, १८९४ ला तो पाच सेंटांच्या खाली गेला. वर रेल्वे मनाला येईल ते भाडं लावायची.

या लोकांनी काय केलं, तर आधी सहकारी खरेदी-विक्री करून बघितली, बँकांनी कर्ज दिलं नाही म्हणून ती बुडाली, मग पक्ष काढला. ४ जुलै १८९२ ला ओमाहामध्ये पीपल्स पार्टीने जाहीरनामा मंजूर केला. रेल्वे सरकारी करा, जास्त उत्पन्नावर जास्त आयकर लावा, चांदीची नाणी पाडा, सिनेटर थेट लोकांना निवडू द्या, गुप्त मतदान, कामाचे तास कमी करा. त्या वर्षी त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मतं आणि २२ प्रतिनिधी मतं मिळाली. वर्तमानपत्रांनी त्यांना अडाणी, माथेफिरू, समाज बुडवणारे ठरवलं. १९१३ येईपर्यंत आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी घटनादुरुस्ती होऊन कायदा झालेल्या होत्या.

म्हणून पॉप्युलिझम म्हटलं की सरसकट नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही.

## टॉम वॉटसनचं काय झालं

याच पक्षातला जॉर्जियाचा वकील टॉम वॉटसन. हा माणूस नीट समजून घेतला तर सगळा विषय हातात येतो असं मला वाटतं.

१८९० ला तो काँग्रेसमध्ये गेला. शेतकऱ्याला घरपोच टपाल मिळावं म्हणून पहिली तरतूद त्याने मंजूर करून घेतली, तोवर खेड्यातल्या माणसाला पत्रासाठी मैलोगणती गावात जावं लागायचं. आणि त्याने गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना उद्देशून एका लेखात लिहिलं की तुम्हाला वेगळं ठेवलंय ते वेगवेगळं लुटता यावं म्हणून, एकमेकांचा द्वेष करायला शिकवलंय कारण त्या द्वेषावरच तुम्हा दोघांच्या गुलामीची कमान उभी आहे. १८९२ मध्ये हे लिहायला किती छाती लागत असेल. त्याच प्रचारात एच. एस. डॉयल नावाच्या एका काळ्या धर्मोपदेशकाला, जो वॉटसनसाठी गावोगाव भाषणं करत होता, जमाव ठार मारणार अशी खबर आली. तो वॉटसनच्या घरी आश्रयाला आला, वॉटसनने निरोप धाडले, आणि गोरे शेतकरी रात्रभर घोडे दामटत, बंदुका घेऊन, त्याच्या रक्षणासाठी अंगणात येऊन बसले.

ती निवडणूक वॉटसन हरला. ऑगस्टा शहरात मतदारांपेक्षा मतं जास्त मोजली गेली. काळ्या मजुरांना जमीनदार धाकदपटशाने नाहीतर दारू पाजून आपल्या बाजूने मत द्यायला लावत होते. १८९६ ला पीपल्स पार्टीने डेमोक्रॅट्सच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच आपला उमेदवार केलं, वॉटसन उपाध्यक्षपदाला, तेही हरले आणि पक्ष विझला.

काही वर्षं घरी बसून वॉटसन परत आला तो वेगळ्याच निष्कर्षाला येऊन. काळ्या माणसाचं मत आहे तोवर गोरे गरीब एक होणार नाहीत, तेव्हा ते मतच काढून घ्या. १९०६ ला गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला त्याने याच अटीवर पाठिंबा दिला आणि १९०८ मध्ये जॉर्जियाने काळ्यांचा मताधिकार जवळपास संपवला. मग त्याच्या साप्ताहिकात कॅथलिकांवर विखार सुरू झाला, मग ज्यूंवर. अटलांटातल्या एका कारखान्याचे ज्यू मॅनेजर लिओ फ्रँक यांना खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुरावा इतका कच्चा होता की गव्हर्नरने ती जन्मठेपेवर आणली, तेव्हा वॉटसनने आठवडेच्या आठवडे आग ओतली. ऑगस्ट १९१५ मध्ये टोळीने फ्रँक यांना तुरुंगातून उचलून झाडाला लटकवलं. आज बहुतेक इतिहासकार त्यांना निर्दोष मानतात. १९२० मध्ये वॉटसन सिनेटवर निवडून आला.

सरळ वाटेने गेला तेव्हा त्याची निवडणूक चोरली गेली, शेजाऱ्याकडे बोट दाखवलं तेव्हा सिनेट मिळाली. या माणसावर राग येतो, पण त्याला हा धडा कोणी शिकवला हेही विसरता येत नाही.

## पण काम करणारा नेता असेल तर?

हा आक्षेप हमखास येतो, की जरा मनमानी केली तर बिघडलं कुठे, कामं तर होतायत ना. त्यासाठी ह्युई लाँग बघावा लागतो. १९२८ ला लुईझियानाचा गव्हर्नर झाला तेव्हा राज्यात पक्के रस्ते नावालाच होते, तेल कंपन्या आणि जुनी घराणी राज्य चालवत होती. त्याने शाळेतल्या पोरांना पुस्तकं फुकट दिली, रस्ते आणि पूल बांधले, प्रौढांसाठी रात्रशाळा काढल्या, स्टँडर्ड ऑइलवर कर लावायला निघाला. ही खरी कामं आहेत. पण सरकारी नोकरांच्या पगारातून त्याच्या संघटनेसाठी कापून घेतलेला पैसा एका पेटीत जमा व्हायचा, कारकुनापासून शिक्षकापर्यंत नेमणुका त्याच्या हातात गेल्या, सिनेटर होऊन वॉशिंग्टनला गेल्यावरही राज्य तोच चालवत होता, आणि १९३४ ला त्याने मोठ्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींच्या उत्पन्नावर कर लावला कारण ती त्याच्याविरुद्ध लिहायची. तो कर सुप्रीम कोर्टाने १९३६ ला रद्द केला. १९३५ मध्ये त्याला त्यानेच बांधलेल्या विधानभवनात गोळी घातली गेली. कोर्टं, पेपर, विरोधक सगळे मोडून ठेवल्यावर उद्या रस्ते करणाऱ्याच्या जागी लुटणारा आला तर त्याला विचारणार कोण, हा प्रश्न कामांच्या यादीने सुटत नाही.

त्याची 'शेअर अवर वेल्थ' ही घोषणा मात्र वाया गेली नाही. श्रीमंतांच्या संपत्तीवर मर्यादा आणि प्रत्येक कुटुंबाला ठराविक रक्कम, असं तो रेडिओवरून सांगायचा आणि देशभर त्याचे क्लब निघाले. हे लोक हातचे जातील या भीतीने राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना घाई झाली, हे १९३५ च्या श्रीमंतांवरच्या वाढीव करामागचं एक कारण होतं, आणि म्हातारपणाच्या पेन्शनचा सोशल सिक्युरिटी कायदाही त्याच वर्षीचा.

## सोशल मीडियामुळे झालं हे सगळं?

रेडिओ नवा होता तेव्हा मिशिगनचे एक कॅथलिक धर्मगुरू, फादर चार्ल्स कॉफलिन, दर रविवारी बोलायचे आणि कोट्यवधी लोक ऐकायचे. आधी बँकवाल्यांविरुद्ध, रूझवेल्टच्या बाजूने. मग रूझवेल्टविरुद्ध. १९३८ पर्यंत उघड ज्यूद्वेष. नवं माध्यम आलं की मधल्या संपादकांना बाजूला सारून थेट कानात बोलता येतं, हे तेव्हाही खरं होतं. साधन वेग वाढवतं, पण बेकारी आणि बुडालेल्या बँका रेडिओने आणलेल्या नव्हत्या.

## मग अशा माणसांना थांबवलं कोणी?

फेब्रुवारी १९५० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कागद हलवून सांगितलं, की परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी माझ्याकडे आहे. पुढे आकडा ५७ झाला, पुन्हा बदलला. यादी काही कोणाला दिसली नाही. चार वर्षं लोकांच्या नोकऱ्या गेल्या, संसार मोडले. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या मार्गारेट चेस स्मिथ यांनी चार महिन्यांत सिनेटमध्ये उभं राहून याचा निषेध केला, सोबत फक्त सहा जण. बाकीचे गप्प, कारण डेमोक्रॅट्सना झोडपायला मॅकार्थी सोयीचे होते. १९५४ ला ते स्वतःच्याच पक्षाच्या सरकारवर आणि लष्करावर घसरले, सुनावणी टीव्हीवर दिसली, आणि डिसेंबरमध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांचा निषेध केला. त्यात रिपब्लिकन बरोबर निम्मे निम्मे होते, २२ इकडे आणि २२ तिकडे. विरोधी पक्ष पहिल्यापासून ओरडत होता, त्याने काही झालं नव्हतं. घरचे लोक उठले तेव्हा मॅकार्थी पडले.

## म्हणजे मुळात वर्णद्वेषच ना?

बऱ्याच अंशी हो, पण तो कसा चालतो ते बघा. अलाबामाचा जॉर्ज वॉलेस १९५८ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभा होता तेव्हा काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचा त्याला पाठिंबा होता आणि प्रतिस्पर्ध्याला गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा. तो हरला. पुन्हा कोणी आपल्यापेक्षा जास्त कडवा दिसणार नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं, आणि जानेवारी १९६३ मध्ये शपथ घेताना वर्णभेद आज, उद्या आणि कायम, अशी गर्जना केली. १९६८ ला तिसऱ्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तर १३.५ टक्के मतं आणि पाच राज्यं. तोवर उत्तरेतल्या कारखान्यांतले कामगारही त्याला ऐकत होते, आणि भाषणात तो काळ्यांचं नावसुद्धा क्वचित घ्यायचा. दिल्लीला आपण जसं नावं ठेवतो तसं तो वॉशिंग्टनला ठेवायचा, फाइली घेऊन फिरणारे बाबू, पुस्तकी प्राध्यापक, निदर्शनं करणारी पोरं. ऐकणाऱ्याला गाळलेली जागा बरोबर भरता यायची. पुढच्या पन्नास वर्षांतल्या किती भाषणांचा साचा इथे तयार झाला, हे जुनी चित्रफीत बघितली की लक्षात येतं.

## मग ट्रंपमध्ये नवीन काय?

मालमसाला सगळा जुना. वर बसलेले चोर आहेत, बाहेरून आलेले तुमचं खातायत, पेपरवाले खोटारडे आहेत, मी एकटाच दुरुस्त करीन. तक्रारीतही तथ्य होतंच, कारखाने गेलेली गावं, २००८ ला घरं गमावलेली माणसं आणि सरकारने वाचवलेल्या बँका. ट्रंप यांनी पहिल्यांदा निवडून आल्यावर ऑफिसात जॅक्सन यांचं चित्र लावलं ते उगीच नव्हे.

नवीन गोष्ट अशी, की लाँग, मॅकार्थी, वॉलेस यांपैकी कोणी व्हाइट हाऊसपर्यंत पोचलं नव्हतं. त्याचं एक मोठं कारण पक्षांचं दार. १९६८ पर्यंत उमेदवार मुख्यतः पक्षाचे पुढारी अधिवेशनात ठरवायचे. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढता डेमोक्रॅट उमेदवार झाले, शिकागोत अधिवेशनाबाहेर पोलिसांनी पोरांना बेदम मारलं, आणि त्यानंतर नियम बदलले, उमेदवार सामान्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकांत निवडायचा. १९७२ लाच वॉलेस फ्लोरिडा जिंकला, आणि मेरीलँडमध्ये गोळी लागून हॉस्पिटलात पडलेला असताना मेरीलँड आणि मिशिगन जिंकला. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे बडे नेते, अगदी आधीचे उमेदवार मिट रॉम्नीसुद्धा, ट्रंप नकोत म्हणून जाहीर सांगत होते, पण दार त्यांच्या हातात राहिलेलंच नव्हतं. सतरा उमेदवारांत मतं विभागली आणि सुमारे ४५ टक्क्यांवर काम झालं. नंतर मुख्य निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांना जवळपास २९ लाख मतं जास्त पडली, तरी हॅमिल्टनच्या पिढीने उठवळ माणसाला अडवायला केलेल्या प्रतिनिधी मंडळाने ट्रंप यांना निवडलं. ६ जानेवारी २०२१ ला ट्रंप यांचे समर्थक संसद भवनात घुसल्यावर जो महाभियोग चालला त्यात सिनेटमध्ये त्यांना दोषी ठरवण्याच्या बाजूने ५७ मतं पडली, लागत होती ६७. त्या ५७ मध्ये रिपब्लिकन फक्त सात होते.

## तर दार पुन्हा बंद करावं का?

काही अमेरिकन अभ्यासक हे गंभीरपणे सुचवतात, की उमेदवारीत पक्षाच्या जाणत्या लोकांना पुन्हा वजन द्या. मला त्यांची काळजी समजते, पण हे पटत नाही. पुढाऱ्यांच्या हातात दार होतं तेव्हा दक्षिणेतले कडवे वर्णद्वेषी सिनेटर त्याच दारातून वर्षानुवर्षं आत येत होते, आणि ऑगस्टातली मतपेटी भरणारेही पक्षाचे जाणतेच होते. मला पीपल्स पार्टीचा अनुभव जास्त कामाचा वाटतो. आयकर आला, सिनेटची निवडणूक लोकांच्या हातात आली, १९३५ ला म्हाताऱ्यांना पेन्शन मिळाली, तेव्हा त्या त्या मागणीवर जगणाऱ्या पुढाऱ्याचा एकेक मुद्दा गेला. आज ओहायो-मिशिगनमधल्या माणसाची तक्रार औषधांच्या बिलाची, घराच्या किमतीची, बंद पडलेल्या कारखान्याची आहे, आणि गेल्या तीस वर्षांत दोन्ही पक्षांनी तिला दिलेली उत्तरं अपुरी पडली. जोवर ती तशीच राहील तोवर व्हिसाची फी वाढवणं हेच उत्तर म्हणून विकलं जाईल, कारण ते एका सहीत होतं आणि ज्यांच्यावर पडतं त्यांना तिथे मत नसतं.